थांबलेले मंदिर पुन्हा कसे सुरू झाले : हाग्गय, जखऱ्या आणि इ.स.पू. ५२०

मोडीवाचक (धागाकर्ता)

यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराची गोष्ट बहुधा पर्शियाच्या कोरेश राजाच्या फर्मानापाशी संपवली जाते. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल (बॅबिलोन) पडले, ५३८ मध्ये फर्मान निघाले, बंदिवासातले यहूदी परतले आणि मंदिर झाले, असा समज. प्रत्यक्षात फर्मानापासून मंदिर पुरे होईपर्यंत २३ वर्षे गेली आणि त्यातली सोळा-एक वर्षे काम बंद होते. बंद पडलेले काम कोणत्याही राजाने सुरू केले नाही. ते सुरू केले हाग्गय आणि जखऱ्या या दोन संदेष्ट्यांनी, आणि त्यांनी वापरली फक्त वाणी. कोणते शब्द, कुणाला उद्देशून आणि कोणत्या दिवशी, हे सगळे नोंदलेले आहे. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. परत आलेल्यांनी पहिल्यांदा वेदी उभारली, तीही जुन्याच जागी. मांडवांचा सण केला, नित्याचे होम सुरू केले. सीदोन आणि सोर इथल्या लोकांना अन्न, पेय आणि तेल देऊन लबानोनचा गंधसरू समुद्रमार्गे याफोला मागवला. वीस वर्षांवरच्या लेव्यांना (मंदिरसेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांना) कामावर देखरेखीला नेमले. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या महिन्यात पाया घातला. तेव्हा शलमोनाने बांधलेले आणि बाबेलच्या सैन्याने जाळलेले पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले आणि तरुणांनी जयघोष केला. दोन्ही आवाज वेगळे ओळखू येईनात, असे बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्यानंतर काम थांबले ते पर्शियाच्याच दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत.

हाग्गयाचे पुस्तक दोनच अध्यायांचे, ३८ ओव्यांचे. पहिले भाषण अधिपती जरुब्बाबेल आणि मुख्य याजक यहोशवा यांना नावानिशी उद्देशून आहे, पण बोलणे सगळ्या लोकांपर्यंत जाते. लोकांचे म्हणणे होते, ‘परमेश्वराचे मंदिर बांधण्याची वेळ अजून आलेली नाही.’ हाग्गय हे म्हणणे जसेच्या तसे उद्धृत करतो आणि लगेच उलट विचारतो : हे मंदिर ओसाड पडले असताना तुम्ही तक्तपोशीच्या (लाकडी फळ्यांनी मढवलेल्या) घरांत राहावे, अशी वेळ मात्र आली आहे काय? मग पाच गोष्टी सांगतो. पेरता पुष्कळ, घरी आणता थोडे. खाता पण पोट भरत नाही. पिता पण तृप्ती नाही. कपडे घालता पण ऊब नाही. मजुरी मिळवता ती भोके पडलेल्या थैलीत.

हे सगळे ऐकणाऱ्याला स्वतःच्या घरात तपासता येण्यासारखे आहे. यानंतरची आज्ञा तीनच क्रियापदांची : डोंगरावर चढा, लाकूड आणा, मंदिर बांधा. माझ्या मते हाग्गयाचे सामर्थ्य इथे आहे. सोळा वर्षे न झालेले काम त्याने उद्या सकाळी कुऱ्हाड घेऊन निघता येईल एवढ्यावर आणले. सहाव्या महिन्याच्या १ तारखेला तो बोलला आणि २४ तारखेला काम सुरू झाले.

कृत्तिका

तारखांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण हाग्गयाइतक्या काटेकोरपणे तारखा देणारे संदेष्टे कमीच. बाबेलच्या पंचांगातल्या अमावास्या गणिताने काढता येतात, त्यामुळे या तारखा एखाद्या दिवसाच्या फरकाने आपल्या कालगणनेत बसवता येतात.

पहिले भाषण : दारयावेशाचे दुसरे वर्ष, सहावा महिना (एलूल), दिवस १. म्हणजे २९ ऑगस्ट ५२०.
कामाला सुरुवात : एलूल २४, २१ सप्टेंबर.
दुसरे भाषण : सातवा महिना (तिश्री), दिवस २१, १७ ऑक्टोबर.
जखऱ्याचे पहिले वचन : आठवा महिना, दिवस दिलेला नाही.
हाग्गयाची शेवटची दोन वचने : नववा महिना (किसलेव), दिवस २४, १८ डिसेंबर. दोन्ही एकाच दिवशी.
जखऱ्याचे रात्रीचे दृष्टांत : अकरावा महिना (शबाट), दिवस २४, १५ फेब्रुवारी ५१९.
मंदिर पुरे : सहाव्या वर्षी अदार ३, म्हणजे मार्च ५१५.

म्हणजे हाग्गयाचे नोंदलेले सगळे कार्य चार महिन्यांच्या आत संपते. दिवसांची निवडही पाहा. महिन्याची १ तारीख म्हणजे नवचंद्राचा दिवस. त्या दिवशी जादा अर्पणे असत आणि लोक वेदीपाशी जमलेले असत, म्हणजे श्रोते गोळा करावे लागले नाहीत. तिश्री २१ हा मांडवांच्या सणाचा सातवा दिवस, तेव्हाही गावोगावचे लोक यरुशलेमेत. आणि हा जमाव भग्न मंदिरासमोरच उभा होता, त्यामुळे ‘हे मंदिर’ म्हणताना बोट दाखवणे पुरे होते.

ओळंबा

बांधकामाच्या बाजूने. हाग्गय लाकूडच आणायला का सांगतो, दगड का नाही, हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर सोपे आहे. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले. आगीत छप्पर, तुळया, दारे आणि आतली लाकडी मढवणूक गेली. दगड तिथेच पडून होता. यरुशलेमचा दगड चुनखडीचा, घडलेला, मोठ्या आकाराचा. तो ढिगाऱ्यातून उपसून पुन्हा लावता येतो.

मात्र सगळा दगड चालत नाही. चुनखडी आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापली तर तिचा चुना होतो आणि पाणी लागताच ती फुटते. म्हणजे तुळया जिथे कोसळून जळत राहिल्या तिथले दगड बाद, लांबचे आणि खालच्या थरातले चांगले. ही निवड हातानेच करावी लागते : ठोकून आवाज ऐकायचा, भेग पाहायची, भुसभुशीत झालेला वेगळा काढायचा. पुढे नहेम्या या अधिपतीच्या काळात तटबंदी बांधताना विरोधकांनी हिणवले ते याच मुद्द्यावर, की ढिगाऱ्यातले जळके दगड हे जिवंत करणार काय! आणि यहूदाचे लोकही तेव्हा म्हणाले की ओझी वाहणाऱ्यांची ताकद संपली, राडारोडा फार आहे. अशा जागी पहिला मोठा खर्च बांधण्याचा नसतो, उपसण्याचा असतो.

एलूल १ ते २४ या तेवीस दिवसांचा अर्थ मी असा लावतो : डोंगरावरून लाकूड तोडून आणणे, माणसे नेमणे, राडारोडा हटवून जागा मोकळी करणे. जवळच्या डोंगरांवर मिळणारे लाकूड परांचीसाठी, उचलण्याच्या तरफांसाठी आणि भिंतीतल्या थरांसाठी चांगले. मोठ्या गाळ्याच्या छपराला लांब, सरळ तुळई लागते. शलमोनाचे मंदिर आतून २० हात रुंद होते, म्हणजे सुमारे ९ मीटर, आणि तेवढ्या गाळ्याला गंधसरूच हवा. तो आधी मागवलेला होताच, पण सोळा वर्षांत त्याचे काय झाले ते मजकूर सांगत नाही. हाग्गयाने सरळ जवळच्या डोंगराकडे बोट दाखवले. लबानोनच्या लाकडाची वाट पाहत बसणे हीसुद्धा एक सबब झाली असती.

भिंतीची रचनाही ठाऊक आहे. एज्राच्या सहाव्या अध्यायातल्या राजदरबारच्या टिपणात ती दिली आहे : मोठ्या दगडांचे तीन थर, मग लाकडाचा एक थर. शलमोनाच्या आतल्या अंगणाचीही हीच पद्धत. लाकडाचा थर दगडांची पातळी सारखी करतो आणि भूकंपात भिंतीला थोडी लवचीकता देतो. यार्देनच्या खोऱ्याजवळच्या प्रदेशात हे फार गरजेचे.

उत्तररात्र

लेख आणि प्रतिसाद उत्तम. तरी दोन शंका.

एक, याला प्रोत्साहन म्हणायचे का? ‘दुष्काळ तुमच्यामुळे पडला’ असे भुकेल्या माणसांना सांगणे हा मला धाक वाटतो. दोन, काम थांबले ते शेजाऱ्यांच्या विरोधामुळे, हे एज्राच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट आहे. मग हाग्गय विरोधकांविषयी एक शब्द न काढता सगळा दोष आपल्याच लोकांवर का टाकतो?

मोडीवाचक

दुसऱ्या शंकेपासून घेतो. एज्राचा चौथा अध्याय वाचताना एक गफलत नेहमी होते. त्यातल्या १ ते ५ ओव्या कोरेशाच्या काळातल्या. पुढची पत्रे मात्र अहश्वेरोश आणि अर्तहशश्त या नंतरच्या राजांच्या काळातली, आणि त्यांतली तक्रार नगराच्या तटाविषयी आहे, मंदिराविषयी नाही. लेखकाने विरोधाची सगळी उदाहरणे एका जागी आणली आणि मग २४व्या ओवीत धागा पुन्हा दारयावेशापाशी जोडला. हे लक्षात आले नाही तर राजाज्ञेने मंदिराचे काम बंद पाडले असे वाटते. मंदिर थांबवणारी राजाज्ञा त्या मजकुरात नाही. होते ते शेजाऱ्यांचे नाउमेद करणे आणि लाच देऊन उभे केलेले सल्लागार. त्रास खरा होता, पण दाराला कुलूप कुणी लावले नव्हते.

आणि ‘वेळ आलेली नाही’ हे म्हणणे निव्वळ आळसाचे असेलच असे नाही. यिर्मया संदेष्ट्याने सत्तर वर्षांची मुदत सांगितली होती. मंदिर पडले ५८६ मध्ये. ५२० मध्ये भरतात ६६. धर्मग्रंथ जाणणारा माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकत होता की अजून चार वर्षे बाकी आहेत, देवाच्या वेळेआधी हात घालू नये. जखऱ्याच्या पहिल्या अध्यायात दूतच विचारतो, या सत्तर वर्षांत तू रुष्ट राहिलास, आणखी किती काळ? म्हणजे हा हिशोब त्या दिवसांत लोकांच्या डोक्यात होता. भाविक सबब मोडणे आळशी सबब मोडण्यापेक्षा अवघड. हाग्गय वर्षे मोजण्याच्या वादात शिरतच नाही, तक्तपोशीकडे बोट दाखवतो. स्वतःच्या घराला लाकूड लावताना कुणी मुदत मोजली नव्हती.

धाकाविषयी : पहिल्या भाषणाचा सूर कठोर आहे, मान्य. पण लोकांनी ऐकल्याबरोबर तो सूर बदलतो. अधिपती, याजक आणि उरलेले सगळे लोक ऐकतात, आणि मग हाग्गयाचा निरोप एका वाक्याचा : ‘मी तुमच्याबरोबर आहे, असे परमेश्वर म्हणतो.’ हे काम सुरू होण्याच्या आधी येते. त्यानंतर परमेश्वराने तिघांची मने जागी केली असे मजकूर म्हणतो : जरुब्बाबेलाचे, यहोशवाचे आणि लोकांचे. कठोर बोलणे बसलेल्याला उठवण्यापुरते, उठल्यावर सोबत. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. सारखे रागावून कुणी चार वर्षे दगड वाहत नाही.

खरीप_रब्बी

शेतीचे गणित मांडतो, म्हणजे पहिले भाषण का लागले ते कळेल.

यहूदाच्या डोंगराळ भागात पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळा संपूर्ण कोरडा. पहिल्या पावसावर पेरणी, मार्च-एप्रिलच्या शेवटच्या पावसावर दाणा भरतो. जव एप्रिल-मेमध्ये निघतो, गहू मे-जूनमध्ये, द्राक्षे ऑगस्ट-सप्टेंबरात, जैतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे २९ ऑगस्टला धान्याचा हिशोब झालेला होता, द्राक्षतोड चालू होती आणि जैतुनाचा अंदाज झाडाकडे पाहून येत होता. वर्षभराचे उत्पन्न डोळ्यांसमोर असताना ‘पुष्कळ पेरले, थोडे आले’ हे कुणाला नाकारता येत नाही. वर्षातला याहून नेमका दिवस नव्हता.

तुटीचे आकडेही तो देतो, पण डिसेंबरच्या भाषणात. २० मापांची म्हणून पाहिलेली रास १० च भरली. द्राक्षकुंडातून ५० काढायला गेले, मिळाले २०. धान्यात निम्म्याची तूट, द्राक्षरसात साठ टक्क्यांची. कारणेही तीन : करपा, बुरशी आणि गारपीट. करपा पूर्वेच्या वाळवंटी वाऱ्याने येतो, बुरशी ओलाव्याने, गारा हिवाळी वादळाने. तिन्ही एकाच वर्षातले नसावेत. वाईट वर्षांची ही एकत्र यादी दिसते. पहिल्या भाषणात दवाचाही उल्लेख आहे. कोरड्या उन्हाळ्यात द्राक्षवेलीला आणि काकडी-कलिंगडाला रात्रीच्या दवाचा आधार असतो, त्यामुळे ‘आकाशाने दव आवरले’ ही तक्रार तिथल्या शेतकऱ्याला बरोबर कळते.

मजुरीचा मुद्दा जखऱ्याच्या आठव्या अध्यायातही आहे : त्या दिवसांपूर्वी माणसाला मजुरी नव्हती, जनावराला भाडे नव्हते, आणि शत्रूमुळे जाण्यायेण्याची सोय नव्हती. मंदिर थांबले होते त्या काळाचे हे आर्थिक चित्र.

आता १८ डिसेंबर. पेरणी उरकलेली, पण शेतात दाखवण्यासारखे काही नाही. हाग्गय विचारतो, बियाणे अजून कोठारात आहे काय? द्राक्षी, अंजीर, डाळिंब, जैतून यांनी अजून फळ दिलेले नाही. आणि तरी म्हणतो, ‘आजपासून मी आशीर्वाद देईन.’ तारीख लक्षात ठेवा असेही पुन्हा पुन्हा बजावतो. पुढच्या उन्हाळ्यात हे वचन तपासता येणार होते. पुरावा नसताना असे तारीखवार बोलणे धाडसाचे.

कृत्तिका

दुसऱ्या भाषणाकडे कमी लक्ष जाते, पण काम टिकवण्याच्या दृष्टीने मला तेच सर्वांत मोलाचे वाटते.

काम सुरू होऊन चार आठवडेही झाले नव्हते. त्यात सातवा महिना आला. १ तारखेला कर्णे वाजवण्याचा दिवस, १० ला प्रायश्चित्ताचा दिवस, १५ पासून मांडवांचा सण, शिवाय शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस). १, १० आणि १५ या दिवशी काम पूर्ण बंद. सणाच्या पुढच्या दिवसांतही हात मंदावलेलेच. म्हणजे प्रत्यक्ष कामाचे दिवस फार थोडे, आणि समोर दिसत होता अर्धवट उपसलेला ढिगारा. त्यातून शलमोनाच्या मंदिराचा अर्पणविधी याच सातव्या महिन्यातल्या सणाला झाला होता. सणानेच तुलना पुढे आणली.

हाग्गय ती तुलना टाळत नाही, स्वतःच काढतो. पूर्वीच्या वैभवातले मंदिर पाहिलेला तुमच्यात कोण उरला आहे? आज ते तुम्हांला कसे दिसते? काहीच नाही असे वाटते ना? ६६ वर्षांपूर्वीचे आठवणारा माणूस सत्तरीच्या पुढचा. असे लोक मोजकेच, पण त्यांचा सुस्कारा सगळ्यांचे हात गळवू शकत होता. आधी वास्तव मान्य केले आणि मगच त्याने ‘खंबीर हो’ असे तीनदा म्हटले : जरुब्बाबेलाला, यहोशवाला, देशातल्या सर्व लोकांना. त्याला जोडून ‘काम करा’. आणि कारण? मिसरातून निघताना केलेला करार अजून उभा आहे, माझा आत्मा तुमच्यात आहे. सोने-चांदी नाही म्हणून रडणाऱ्यांना उत्तर : चांदी माझी, सोने माझे. या मंदिराचे पुढचे वैभव पहिल्यापेक्षा मोठे होईल आणि या ठिकाणी मी शांती देईन.

उत्तररात्र

कठोर सूर कामापुरता आणि नंतर सोबत, हे पटले. आता नवव्या महिन्याचा तो याजकांना विचारलेला प्रश्न. मधेच शुद्ध-अशुद्धाचे कोडे कशाला? पदरात पवित्र मांस असेल आणि तो पदर भाकरीला, कालवणाला, द्राक्षारसाला किंवा तेलाला लागला, तर ते पवित्र होते का? नाही. प्रेताला शिवलेला माणूस त्यांना शिवला तर अशुद्ध होते का? होय. आणि मग ‘हे लोक तसेच आहेत.’ काम चालू असताना हे नाउमेद करणारे नाही का?

मोडीवाचक

हे लोक म्हणजे शेजारचे शोमरोनी (समरिटन), असे काही अभ्यासक मानत आले. मला ते जुळत नाही, कारण लगेचच्या ओव्या त्याच श्रोत्यांच्या पिकांविषयी आहेत. अर्थ माझ्या मते असा : सोळा वर्षे वेदी चालू होती, होम होत होते. लोकांना वाटत होते की वेदी आहे, अर्पण आहे, म्हणजे आपले सगळे पावन झाले. हाग्गय याजकांच्याच तोंडून नियम वदवून घेतो की पवित्रता अशी परस्पर लागत नाही, विटाळ मात्र लागतो. शेजारी मंदिर मोडून पडलेले असताना केलेल्या अर्पणाला तेच मोडकेपण चिकटते. ‘वेदी आहे की, भागते तेवढ्यावर’ ही सबब त्याने या निर्णयाने कायमची बंद केली. नाउमेद करणारे म्हणाल तर त्याच भाषणाचा शेवट ‘आजपासून आशीर्वाद’ असा आहे.

रेवदंडा

जखऱ्याविषयी अजून फारसे आले नाही. तो इद्दोच्या घराण्यातला, म्हणजे याजककुळातला (नहेम्याच्या बाराव्या अध्यायात परतलेल्या याजकांत इद्दो आहे). हाग्गयाचा भर आजच्या कामावर, जखऱ्याचा भर त्या कामामागे काय चालले आहे ते दाखवण्यावर. दोघे एकमेकांना पूरक. एज्रा तर म्हणतो की देवाचे संदेष्टे त्यांच्याबरोबर राहून मदत करत होते.

त्याच्या आठ दृष्टांतांतले कितीतरी बांधकामाशी जोडलेले आहेत. यहूदाला पांगवणारी चार शिंगे आणि ती उडवून लावायला येणारे चार कारागीर. शत्रूवर सैनिक येत नाहीत, कारागीर येतात. हातात मापनसूत्र घेतलेला माणूस, आणि त्याला उत्तर की यरुशलेम तटाविना वसेल, कारण माणसे आणि गुरे मावणार नाहीत. तिसऱ्या अध्यायात मुख्य याजक यहोशवाची मळकी वस्त्रे काढून स्वच्छ वस्त्रे घातली जातात. मंदिर बांधून उपयोग काय, सेवा करणारा याजकच अपात्र असेल तर? ही शंका तिथे मिटते.

चौथा अध्याय सरळ जरुब्बाबेलासाठी. सोन्याचा दीपवृक्ष, सात दिवे, दोन जैतून झाडे. ‘बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, तर माझ्या आत्म्याने.’ मग नेमके वचन : जरुब्बाबेलाच्या हातांनी या मंदिराचा पाया घातला, त्याचेच हात ते पुरे करतील. आणि ‘अल्पारंभाचा दिवस कोणी तुच्छ मानला?’ हा प्रश्न हाग्गयाच्या दुसऱ्या भाषणातल्या सुस्काऱ्यांना चार महिन्यांनी दिलेले उत्तर आहे.

वाचताना एक अडचण येते ती सांगतो. हिब्रू प्रत आणि मराठी पवित्र शास्त्र यांत जखऱ्याच्या पहिल्या-दुसऱ्या अध्यायांची ओवीसंख्या वेगळी पडते. शिंगे-कारागीर मराठीत १:१८-२१, हिब्रूत २:१-४.

ओळंबा

जखऱ्याच्या चौथ्या अध्यायात एक ‘पहिला दगड’ येतो, त्याबद्दल. मेसोपोटेमियात पडके देऊळ पुन्हा बांधताना जुन्या इमारतीतली एक वीट विधिपूर्वक काढून ठेवत आणि नव्या कामात बसवत, म्हणजे नवे देऊळ जुन्याचेच पुढचे रूप ठरे. जरुब्बाबेल जयघोषात बाहेर आणतो तो दगड असाच असावा, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. यातून आणखी एक गाठ सुटते. पाया एज्राच्या तिसऱ्या अध्यायात एकदा घातलेला आहे, पाचव्यात कोरेशाने नेमलेला अधिपती शेशबस्सर याने घातल्याचे म्हटले आहे, आणि हाग्गय किसलेव २४ ला घातल्याचे धरतो. थांबलेले काम विधीने नव्याने प्रतिष्ठापित केले असे धरले तर तिन्ही विधाने एकत्र नांदतात.

आता ततनईचे प्रकरण, कारण ‘परवानगी होती म्हणून काम झाले’ या मताला ते उत्तर देते. काम सुरू झाल्यावर फरात नदीपलीकडच्या प्रांताचा अधिपती ततनई, शथर-बोजनई आणि सोबती तपासणीला आले. त्यांनी विचारले, हे बांधायची आज्ञा कुणी दिली? बांधणाऱ्या प्रमुखांची नावे काय? हा ततनई इ.स.पू. ५०२ च्या एका बाबेली मृत्तिका-पाटीवरही फरातपलीकडचा अधिपती म्हणून येतो, म्हणजे माणूस खरा. यहूदी वडिलांनी नावे दिली, कोरेशाच्या फर्मानाचा हवाला दिला आणि काम चालूच ठेवले. राजाकडून उत्तर येईपर्यंत काम थांबले नाही.

दफ्तराचा शोध बाबेलात सुरू झाला, टिपण सापडले मेदय प्रांतातल्या अखमथा (एकबताना) इथे. त्यात उंची ६० हात, रुंदी ६० हात, थरांची रचना आणि ‘खर्च राजाच्या खजिन्यातून’. लांबी नाहीच. शलमोनाच्या मंदिराची मापे ६० × २० × ३० होती, त्यामुळे ६० × ६० ही खजिन्याने मंजूर केलेली कमाल मर्यादा असावी, किंवा नकलताना काही गळले असावे. दारयावेशाचे उत्तर अपेक्षेहून मोठे आले : दूर राहा, काम होऊ द्या, खर्च प्रांताच्या करातून पुरा द्या, आणि बैल, मेंढे, कोकरे, गहू, मीठ, द्राक्षारस, तेल रोजचे रोज पुरवा.

क्रम पाहा. आधी संदेष्ट्यांचे शब्द, मग लाकूड, मग काम, मग चौकशी, मग पैसा. सरकारी पैसा आला तो भिंत उभी राहत होती म्हणून. काम सुरू नसते तर ततनईला चौकशीचे कारण नव्हते आणि ते टिपण अखमथातच पडून राहिले असते.

उत्तररात्र

ततनईच्या भागाने माझी विरोधाविषयीची शंकाही मिटली. एकच उरते. हाग्गयाचे शेवटचे वचन जरुब्बाबेलाला मुद्रिकेसारखे करीन असे आहे, राज्यांची सिंहासने उलथवीन असेही. तसे झाले नाही. मंदिराच्या अर्पणविधीत जरुब्बाबेलाचे नावही नाही.

कृत्तिका

बरोबर, आणि हे झाकून ठेवायचे कारण नाही. मुद्रिकेचा संदर्भ यिर्मयाच्या २२व्या अध्यायाचा. तिथे यहोयाखीन राजाला सांगितले आहे की तू माझ्या उजव्या हातातली मुद्रिका असलास तरी उपटून टाकीन. जरुब्बाबेल त्याचाच नातू. हाग्गय तो शाप फिरवतो. दारयावेश ५२२ मध्ये गादीवर आला तेव्हा बाबेलसह ठिकठिकाणी बंडे होती, त्यामुळे सिंहासने हलतील ही अपेक्षा त्या काळात अवास्तव नव्हती. पण ५१९ च्या फेब्रुवारीत जखऱ्याच्या दृष्टांतातले घोडेस्वार येऊन सांगतात की सगळी पृथ्वी शांत, निवांत आहे. बंडे शमली होती. जखऱ्याच्या सहाव्या अध्यायात बाबेलहून आलेल्यांच्या सोन्या-चांदीचा मुकुट यहोशवाच्या डोक्यावर येतो, जरुब्बाबेलाच्या नाही. राजवंशाची आशा यहूदी परंपरेने पुढच्या काळाकडे नेली. मंदिराचे वचन मात्र चार-साडेचार वर्षांत पुरे झाले. अर्पणविधीला १०० बैल, २०० मेंढे, ४०० कोकरे आणि बारा वंशांसाठी १२ बकरे. एज्रा श्रेयही स्पष्ट देतो : हाग्गय आणि जखऱ्या यांच्या संदेशामुळे वडील लोक बांधत गेले आणि त्यांना यश येत गेले.

रेवदंडा

आपल्याकडचा एक धागा इथे खरोखर जुळतो. दारयावेशाच्या चौथ्या वर्षी, किसलेव ४ ला (डिसेंबर ५१८), बेथेलचे लोक विचारायला आले : मंदिर आता उभे राहते आहे, तर पाचव्या महिन्यातला शोकाचा उपास अजून करायचा का? तो उपास पहिले मंदिर जळाल्याचा. जखऱ्या थेट हो-नाही म्हणत नाही. सत्तर वर्षे उपास केलेत ते माझ्यासाठी केलेत काय, असे आधी विचारतो, विधवा-अनाथांना न्याय द्या म्हणतो, आणि आठव्या अध्यायात सांगतो की चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यांचे उपास आनंदाचे सण होतील.

दुसरे मंदिर इ.स. ७० मध्ये पडल्यावर पाचव्या महिन्याचा उपास, आब ९, पुन्हा दोन्ही मंदिरांच्या शोकाचा झाला. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत, वालाच्या बिरड्यावरून. बेथेलच्या लोकांनी विचारलेला तो उपास रायगडच्या किनाऱ्यावर मराठी नावाने पाळला गेला. जखऱ्याचा दीपवृक्षाचा भागही सभास्थानांत हनुक्का या दिव्यांच्या सणातल्या शब्बाथला वाचतात. हनुक्का किसलेव २५ ला सुरू होतो, हाग्गयाच्या शेवटच्या वचनांच्या दुसऱ्या दिवशी.

मोडीवाचक

सगळ्यांचे आभार. ज्यांना हे मूळ मजकुरातून तारखेच्या क्रमाने वाचायचे आहे त्यांच्यासाठी : एज्रा १ आणि ३, मग ४:१-५ आणि ४:२४. मग हाग्गय १, एज्रा ५:१-२, हाग्गय २:१-९, जखऱ्या १:१-६, हाग्गय २:१०-२३, जखऱ्या १:७ पासून सहाव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत, एज्रा ५:३ ते ६:१३, जखऱ्या ७ आणि ८, शेवटी एज्रा ६:१४-२२. जखऱ्याचे ९ पासूनचे अध्याय वेगळ्या काळाचे आणि वेगळ्या विषयाचे मानले जातात, ते यात मिसळू नयेत. एज्रा ४:८ ते ६:१८ हा भाग मुळात अरामी भाषेत आहे, कारण त्यात सरकारी पत्रव्यवहार आहे. तिथे भाषेचा बाज एकदम बदललेला जाणवेल.